वकील आहे, खटला नाही

आईबापांशिवाय परक्या मुलखात येऊन पोहोचलेल्या मुलाला कायद्याची मदत कोण करतं, असा विषय निघाला की बोलणं हमखास अमेरिकेच्या दक्षिण सीमेकडे वळतं. त्याला कारणही तसंच आहे. 2014 च्या आर्थिक वर्षात त्या सीमेवर अशी 68 हजारांहून अधिक मुलं पकडली गेली आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. त्या न्यायालयात सरकारची बाजू मांडायला वकील असतो. मुलानं वकील केला तर त्याला कुणी अडवत नाही, पण सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क त्याला नाही. 2008 च्या कायद्यानं शक्य तितक्या मुलांना वकील मिळावा अशी अपेक्षा व्यक्त केली, खर्चाची जबाबदारी मात्र घेतली नाही. याच वादात 2015 मध्ये जॅक वाइल या ज्येष्ठ न्यायाधीशानं शपथेवर सांगितलं होतं की, आपण तीन-चार वर्षांच्या मुलांनाही हा कायदा शिकवला आहे. वेळ लागतो, पण त्यांना तो समजतो. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. तिथल्या सेवाभावी संस्थांमधले विधी साहाय्यक या पोकळीत काम करतात. मुलाची हकीकत उतरवून घेणं, अर्ज भरणं, मूळ गावी फोन लावणं, तारखा सांभाळणं ही कामं त्यांचीच. न्यायालयात उभा राहणारा वकील वेगळा, आणि त्याच्या हातात द्यायची फाइल तयार करणारा माणूस वेगळा.

मालवणच्या किनाऱ्यावर परिस्थिती नेमकी उलटी आहे. इथे एकट्या सापडलेल्या मुलाला आपला कायदा फुकट वकिलाचा हक्क देतो. आईबापांचं उत्पन्न विचारत नाही, नागरिकत्वही विचारत नाही. पण त्या मुलाविरुद्ध खटलाच नसतो. त्याला आरोपी म्हणून कुणी उभं करत नाही. त्याला ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ म्हणतात, बालकल्याण समितीसमोर नेतात, बालगृहात ठेवतात आणि पुढे घरी पाठवतात. सगळेच त्याच्या भल्यासाठी झटत आहेत असं दिसत असल्यामुळे त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी हवं, हे सुचतच नाही. माझं म्हणणं असं की, खरा निकाल समितीच्या बैठकीत लागत नाही. तो त्याआधीच्या पंधरा-वीस दिवसांत, कागद तयार होताना लागतो. म्हणून मदत लागते ती त्या कागदांपाशी, आणि ती करणारं माणूस फक्त त्या मुलाचं असायला हवं.

या किनाऱ्यावर एकटं मूल येतं कुठून, ते आधी पाहू. सिंधुदुर्गाच्या यांत्रिक मासेमारीत खलाशी म्हणून नेपाळची, कर्नाटकातली आणि पूर्वेकडच्या राज्यांतली माणसं आता सवयीची झाली आहेत. देवगडपासून रत्नागिरीपर्यंत आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी माणसं असतात, चिऱ्याच्या खाणींवर घाटापलीकडचे मजूर येतात, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानकं देशाच्या कुठल्याही टोकातून एका तिकिटावर आली आहेत. येणारी बहुतेक माणसं प्रौढ आणि आपल्या मर्जीनं आलेली असतात. मालवणच्या बोटी मुलांनी भरल्या आहेत असा याचा अर्थ मुळीच नाही. पण जिथे गावातल्या ओळखीवर, मुकादमाच्या शब्दावर आणि आगाऊ दिलेल्या उचलीवर मजूर आणले जातात, तिथे त्या टोळीत एखादा सोळा-सतरा वर्षांचा पोर मिसळणं अवघड नसतं. कोकणी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडची पोरं बोटीनं मुंबईला जाऊन घरगडी, खानावळीतला पोऱ्या किंवा गिरणीतला बदली कामगार झाली, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. गाववाल्यांची खोली हाच त्यांचा पालक होता. म्हणून ‘एकटं मूल’ म्हणजे ज्याचं कुणीच नाही असं मूल, ही समजूत चुकीची आहे. त्याच्याभोवती माणसं असतात. त्यांतली कोणती त्याला सांभाळणारी आणि कोणती त्याच्यावर पैसे लावून बसलेली, हे शोधून काढणं हाच कामाचा अर्धा भाग.

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षं पूर्ण न झालेली कोणतीही व्यक्ती बालक ठरते. या व्याख्येत देशाचा उल्लेख नाही. कामगार कायदे मोडून कामाला ठेवलेलं, घर सोडून आलेलं, हरवलेलं, आईबापांचा पत्ता न लागणारं मूल या कायद्याखाली येतं. असं मूल कुणाला आढळलं तर चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मुलाला समितीपुढे न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक स्त्री हवी, आणि त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा सांगतो. जिल्ह्याचा सगळा कारभार ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला. मालवणहून तिथे पोहोचेपर्यंत मुलासोबत एक अहवाल तयार झालेला असतो आणि बहुतेक वेळा तो मुलाला न समजणाऱ्या भाषेत लिहिलेला असतो. समितीतली माणसं कितीही कनवाळू असोत, त्यांना दिसतं ते त्या कागदावरचंच.

सगळ्यात आधी वयाचा प्रश्न येतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. कायद्याच्या 94 व्या कलमात क्रम ठरवून दिला आहे: शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी, आणि ती पंधरा दिवसांत. प्रत्यक्षात घाई असते चाचणीची, कारण ती जिल्ह्यातच होते आणि शाळा हजार मैलांवर असते. पण हाडांवरून काढलेलं वय दोन वर्षांनी इकडे किंवा तिकडे सरकू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये जयामाला प्रकरणातच मान्य केलं आहे. सतरा वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षं म्हणजे सगळंच. दुसरा सोपा मार्ग आधार कार्डाचा. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेसाठी किनारपट्टीवर मच्छीमारांच्या ओळखपत्रांवर भर आला, त्यामुळे बोटीवर ओळखीचा काहीतरी कागद असतो. तो माणूस कोण आहे, हे सांगण्यासाठी असतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या दाव्यात स्पष्ट केलं आणि त्यासाठी याच 94 व्या कलमाचा आधार घेतला. ‘कार्डावर एकोणीस लिहिलंय’ एवढ्यावर प्रकरण मिटवू पाहणाऱ्याला अडवायचं असेल, तर हा निकाल माहीत असलेलं कुणीतरी तिथे हवं.

नेपाळी मुलाच्या बाबतीत आणखी दोन अडचणी येतात. पहिली नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची. तिकडे त्याला नागरिकता म्हणतात. भारतीय माणसाला वाटतं, नागरिकतेचा कागद आहे म्हणजे हा सज्ञान असणार. पण नेपाळमध्ये ती सोळाव्या वर्षी मिळते. म्हणजे कागद खरा असूनही त्याचा धारक आपल्या कायद्यानं बालक असू शकतो. दुसरी अडचण पंचांगाची. नेपाळचे दाखले विक्रम संवतात असतात आणि तिथलं वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. दाखल्यावरून इंग्रजी साल काढायचं तर 57 वजा करा, असा ढोबळ हिशेब लोक करतात. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंत तो जमतो; पौषाच्या उत्तरार्धापासून चैत्राच्या अखेरीपर्यंत 56 वजा करावे लागतात. समजा, एका मुलाचा जन्म 2064 च्या चैत्रातला आहे. म्हणजे मार्च-एप्रिल 2008. सप्टेंबर 2025 मध्ये तो साडेसतरा वर्षांच्या आतबाहेर असतो. घाईत 57 वजा करणाऱ्यानं मात्र त्याला 2007 चा ठरवलं आणि साडेअठरा वर्षांचा करून टाकलं. बालकल्याण समिती, बालगृह, फुकट वकील, ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद हे सगळं एका वजाबाकीत गेलं. इथे कुणाचा हेतू वाईट नाही. पंचांग तपासायचं काम कुणाचंच नव्हतं, इतकंच. शके आणि इसवी सनातला 78 चा फरक पाठ असणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी अशी गफलत कशी होते, हे वेगळं सांगायला नको.

हकीकत उतरवून घेणं हे दुसरं मोठं काम. टोळीतल्या पोराला काय सांगायचं ते आधी पढवलेलं असतं: वय अठरा, सोबतचा माणूस काका, पगार घरी जातो. पहिल्या दिवशी मुलगा हेच सांगतो आणि तेच अहवालात उतरतं. चार दिवसांनी तो वेगळं बोलला की खोटारडा ठरतो. कसलेली विधी साहाय्यक पहिल्या भेटीत वयाचं नाव काढत नाही. शाळेत कितवीपर्यंत होतास, भूकंप झाला तेव्हा कितवीत होतास, धाकट्या बहिणीचा जन्म कोणत्या सणाच्या आसपासचा, असं विचारत जाते. (नेपाळमधला मोठा भूकंप एप्रिल 2015 चा, म्हणून हा प्रश्न कामाचा.) गावाचं नाव नकाशावर सापडत नसेल तर आठवड्याचा बाजार कुठे भरतो, बस कुठून मिळते, मास्तरांचं नाव काय, यावरून माग काढते. मुलाचे शब्द ती त्याच्याच भाषेत लिहून ठेवते आणि भाषांतर खाली वेगळं देते. कारण हिंदी जेमतेम येणाऱ्या मुलाचं बोलणं मोडक्या हिंदीतून मराठीत, तिथून सरकारी मराठीत गेलं की त्यातला मुलगाच नाहीसा होतो. दुभाषा म्हणून त्याच बोटीवरचा दुसरा खलाशी बसवणं सगळ्यात सोपं, आणि तेच टाळायला हवं. पुढे ‘चुलता’ म्हणून कुणी मुलाला न्यायला आला, तर त्याच्या ओळखपत्रावर न थांबता मूळ जिल्ह्यातल्या यंत्रणेकडून घराची चौकशी मागवावी लागते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलाला तिकडच्या समितीशी विचारविनिमय करूनच पाठवावं, असं 95 वं कलम सांगतं ते याचसाठी. ज्यानं पोराला आणलं, तोच काका म्हणून न्यायला येऊ शकतो.

तिसरं काम पैशांचं, आणि ते सहसा विसरलं जातं. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारी बंदी येते, तेव्हा जून-जुलैत बोटी किनाऱ्याला असतात आणि खलाशांचे हिशेब मिटतात. मूल हंगामाच्या मध्यावर सापडलं तर मालक म्हणतो, उचल अजून फिटलेली नाही. बाल न्याय कायद्याचं 79 वं कलम बालकाला कामासाठी बांधून ठेवणं किंवा त्याची कमाई अडकवणं यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड सांगतं. हे कलम अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे, चौदाच्या आतल्यांनाच नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या खलाशाची अडकवलेली मजुरी ही मालक-मजुरातली बाब उरत नाही. पण गुन्हा नोंदवायचा तर किती दिवस काम केलं, किती ठरलं, किती दिलं, हे लिहिलेलं लागतं. मुलाला दिवस मोजता येत नसतील, पण बोट कोणत्या अमावास्येला बाहेर पडली, वाऱ्यामुळे किती दिवस बंदरात होती, मासळी कुठे उतरवली, हे त्याला आठवतं. बंदरातल्या नोंदी आणि मासळीच्या लिलावाचे कागद त्याला जोडून पाहता येतात. हे काम वकिलाचं नाही, सामाजिक कार्यकर्त्याचंही पूर्णपणे नाही. कायद्याला कोणता पुरावा लागतो हे माहीत असलेल्या आणि बंदरावर जाऊन चार माणसांशी बोलणाऱ्या माणसाचं हे काम आहे.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांकडून येतो, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. बालकल्याण समिती हे न्यायालय नाही, तिथे कुणी कुणाविरुद्ध लढत नाही. वकील आणि त्यांचे मदतनीस आले की तारखा वाढतील, मुलाची उलटतपासणी होईल, घरच्यासारखं वातावरण जाईल. शिवाय जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकारी आधीच आहे, मग आणखी माणूस कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मला पटतो. काळ्या कोटातला माणूस मुलाच्या शेजारी बसवणं हा उपाय नव्हे. दुसऱ्या भागात मात्र घोटाळा आहे. विधी तथा परिविक्षा अधिकारी समितीला अहवाल देतो, जिल्हा प्रशासनाचा भाग असतो, बालगृहांच्या कामातही त्याचा हात असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कंत्राटी, मानधनावरचा असतो. मुलाला ठेवलेल्या बालगृहाविरुद्धच तक्रार असेल किंवा अहवालातच चूक असेल, तर त्यानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? त्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्याच्या खुर्चीची ही मर्यादा आहे. बाल न्याय कायद्यातही फरक दिसतो: कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी बाल न्याय मंडळानं कायदेशीर मदत मिळेल अशी व्यवस्था करावी, असं आठव्या कलमात ठामपणे म्हटलं आहे, बालकल्याण समितीच्या कामांच्या लांबलचक यादीत मात्र योग्य कायदेशीर सेवा मिळवून देण्याची बाब अगदी शेवटाकडे येते. चोरीचा आळ आलेल्या मुलाला वकील लागतो हे सगळ्यांना पटतं. ज्याच्यावर काहीच आळ नाही त्याला लागतो, हे पटत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे आणि 1995 पासून अमलात आहे. त्याच्या बाराव्या कलमात फुकट सेवा कुणाला याची यादी आहे: स्त्री किंवा बालक, मानवी तस्करीची शिकार झालेली व्यक्ती, बालगृहासारख्या ठिकाणी ठेवलेली व्यक्ती. आपलं मूल यांपैकी तिन्हींत बसू शकतं. पण कलमाची सुरुवात ‘ज्याला प्रकरण दाखल करायचं किंवा लढवायचं आहे’ अशा अर्थाची आहे, आणि इथे प्रकरणच नाही म्हणून फाइल पुढे सरकत नाही. खरं तर याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात न्यायालय या संज्ञेत अर्धन्यायिक काम करणारं कोणतंही प्राधिकरण धरलं आहे आणि त्यापुढची कोणतीही कार्यवाही म्हणजे प्रकरण. दंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेली बालकल्याण समिती त्यात न बसण्याचं कारण मला दिसत नाही. कायदेविषयक सल्ला देणं हीसुद्धा विधी सेवाच आहे, हेही तिथेच लिहिलं आहे. तेव्हा नवा कायदा नको आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेत. त्यांतल्या दोघा-तिघांना या कामाचं खास शिक्षण देऊन, मूल समितीपुढे येताच त्यांतल्या एकाला त्याच्यासाठी नेमणं आजच्या चौकटीत बसतं. पत्रकार शीला बर्से यांनी 1980 च्या दशकात महाराष्ट्रातल्या तुरुंगांचा आणि मुंबईतल्या निरीक्षणगृहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा कायदे नव्हते असं नाही. मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा तर 1924 चा. आत जाऊन पाहणारं, नोंदी ठेवणारं आणि त्या नोंदी न्यायालयापुढे मांडणारं माणूस नव्हतं.

पण अशा मदतीनं निकाल बदलतो, याला पुरावा काय? अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या ट्रॅक या गटानं 2014 मध्ये मुलांच्या खटल्यांची छाननी केली. वकील असलेल्या मुलांपैकी सुमारे 73 टक्क्यांना देशात राहू दिलं गेलं. वकील नसलेल्यांपैकी सुमारे 15 टक्क्यांना. आकडे डोळ्यांत भरणारे आहेत, म्हणूनच जपून वाचायला हवेत. संस्थांकडे माणसं कमी असतात, तेव्हा त्या जिंकण्यासारखे खटले आधी घेतात; जो मुलगा वकील शोधू शकला, त्याच्यामागे बहुधा थोडीफार जाणती माणसंही असतात. त्यामुळे या फरकातला काही भाग वकिलाचा नव्हे, निवडीचा आहे. तरीही सगळाच फरक निवडीचा म्हणता येत नाही. आईबापांपैकी एकानं टाकलेल्या किंवा छळलेल्या मुलाला तिथे 1990 पासून एक खास दर्जा मिळू शकतो. त्यासाठी आधी राज्याच्या न्यायालयाचा आदेश आणावा लागतो आणि मग तो दुसऱ्या खात्याकडे द्यावा लागतो. ही दोन खात्यांमधली वाट दहा वर्षांच्या मुलाला स्वतःहून सापडणं शक्य नाही. मदत नसेल तर पात्र असूनही तो दर्जा अनेकदा मागितलाच जात नाही. आपल्याकडे मागायच्या गोष्टी वेगळ्या, मजुरी, भरपाई, शाळेचा दाखला, घरच्या परिस्थितीची चौकशी; पण न मागितल्यामुळे न मिळणं सारखंच.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. मुलाच्या बाजूनं बोलायचं, पण मुलाला हवं काय? अनेकदा त्याला परत बोटीवर जायचं असतं. घरी कर्ज आहे, हंगाम संपेपर्यंत थांबलो तर पैसे मिळतील, बालगृहात बसून काय करू, असं तो म्हणतो. अशा वेळी त्याच्या इच्छेची वकिली करायची की हिताची? कायद्याच्या तिसऱ्या कलमात सहभागाचं तत्त्वही आहे आणि सर्वोत्तम हिताचंही; बालकाचं ऐकलं जावं हा संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातला हक्कही भारतानं 1992 मध्ये मान्य केला आहे. माझ्या मते विधी साहाय्यकानं इच्छा जशीच्या तशी समितीपुढे ठेवायची, आणि ती बेकायदा असेल तर तसंही मुलाला तोंडावर सांगायचं. बोटीवर परत पाठवणं कुणाच्याच हातात नाही. पण त्या इच्छेमागचं कारण कर्ज आहे, हे समितीला कळलं तर आदेश वेगळा होतो: नुसतं ‘पालकांच्या ताब्यात द्यावे’ असं न लिहिता मजुरीची वसुली आणि मूळ जिल्ह्यात पाठपुरावा हेही त्यात येतं. इच्छा दडपून पाठवलेला मुलगा पुढच्या हंगामात दुसऱ्या बंदरात उतरतो. मालवणात नसेल तर हर्णैत, नाहीतर गोव्याच्या मालिमला. हिताचा निर्णय समितीचाच राहावा, साहाय्यकानं तो आपल्याकडे घेऊ नये. ही मर्यादा पाळणं फार कठीण असतं, कारण या कामाला येणारी माणसं मुळातच मायाळू असतात.

परदेशी मुलांना एवढी मदत केली तर ती अधिक येतील, हा तिसरा आक्षेप मालवणच्या बाबतीत टिकत नाही. नेपाळी माणसाला 1950 च्या करारामुळे भारतात येऊन काम करायला व्हिसाच लागत नाही; मुलगा येतो तो कामाच्या ओढीनं, बालकल्याण समितीच्या ओढीनं नव्हे. बांगलादेशातून आलेल्या मुलाचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे, कारण तिथे परकीय नागरिकांविषयीचा कायदा आडवा येतो आणि वकिलातीमार्फत नागरिकत्वाची खातरजमा होईपर्यंत मूल महिनोन्‌महिने अडकतं. भारतानं 1951 चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे परत जायला घाबरणाऱ्या मुलासाठी वेगळी वाटही नाही. पण सुरक्षेच्या दृष्टीनंही, खरं वय आणि खरी ओळख लवकर ठरवणारा माणूस यंत्रणेला हवाच असतो. सागरी पोलिसांना आणि मुलाला, दोघांनाही एकच गोष्ट उपयोगाची आहे: खरी माहिती.

उरतो खर्चाचा मुद्दा. सिंधुदुर्गासारख्या लहान जिल्ह्यात अशी मुलं थोडी, त्यांच्यासाठी वेगळं माणूस परवडेल का? पूर्णवेळ नकोच आहे. थोडी मुलं असणं हाच इथला फायदा. मुंबईत एका अधिकाऱ्याच्या टेबलावर साचणारे ढीग ओरोसला नाहीत, म्हणून एकेका मुलामागे आठवडाभर देता येतो. लहान जागेचा तोटा मात्र मान्य करायला हवा, तो म्हणजे गुप्तता. कायद्याचं 74 वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं; शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. पण सर्जेकोटच्या बंदरात ‘एका बोटीवरचा नेपाळी मुलगा’ एवढी बातमी छापली की नाव लिहायची गरज उरत नाही. संध्याकाळपर्यंत दांडी, धुरीवाडा, मेढा सगळीकडे कुणाची बोट, कुणाचा तांडेल हे कळलेलं असतं, आणि फोटो मोबाइलवर फिरत असतो. ते थांबवायला पोलीस ठाण्यात आणि वार्ताहरांना पहिल्याच दिवशी फोन करणं, हेही साहाय्यकाच्याच कामात येतं.

आणि काम मूल गाडीत बसल्यावर संपत नाही. साडेसतरा वर्षांच्या मुलाच्या प्रकरणात अंतिम आदेशाला पुरे चार महिने लागले तर हातात दोनच महिने राहतात. अठरा पूर्ण झाली की तो समितीच्या कक्षेतून निघतो आणि अर्धवट राहिलेली मजुरीची तक्रार प्रौढ मजुराची तक्रार होते. तोवर तो सोनौली किंवा रुपैडिहा ओलांडून घरी पोहोचलेला असतो. वसूल झालेली रक्कम कुणाच्या खात्यात जमा करायची, अज्ञान मुलाचं खातं पालकाच्या सहीशिवाय कसं उघडायचं, पालकाची सही सीमेपलीकडून कशी आणायची, साक्षीला बोलावणं आलं तर त्याचा येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, ही प्रश्नांची पुढची यादी. त्यांतला एकही प्रश्न मोठा नाही. प्रत्येकाचं उत्तर कुठल्यातरी नियमात, परिपत्रकात किंवा बँकेच्या अर्जात आहे. ते शोधून, भरून, शिक्का मारून योग्य टेबलावर ठेवावं लागतं, आणि पंधरा दिवसांनी ते तिथून पुढे गेलं का, हे विचारायला पुन्हा ओरोसला जावं लागतं.